चूल कुठे वेगळी झाली? घोडबंदर रोडवरच्या एका टाकीचं प्रकरण

मातीच्या कुंडीच्या फुटक्या तुकड्यावर नारिंगी ठिपक्यांचा एक पट्टा चिकटला होता, दोन रुपयांच्या नाण्याएवढा. एक लहान मासा त्याच्यासमोर तिरका उभा राहून छातीच्या पंखांनी एकसारखा वारा घालत होता. मध्येच थांबून एखादा ठिपका तोंडाने चाचपायचा, की पुन्हा पंखे सुरू. दुसरा मासा चांगलाच मोठा. आम्ही काचेजवळ वाकलो की तो थेट आमच्या नाकावर धावून यायचा. क्लाऊनफिशमध्ये जोडीतली मोठी ती मादी. अंड्यांना वारा घालायचं काम बहुतेक नराचं.

हे चाललं होतं माझ्या एका विद्यार्थ्याच्या काकांकडे, कासारवडवलीला, तीन फुटी खाऱ्या पाण्याच्या टाकीत. टाकीत खरं पोवळं नव्हतं. आपल्याकडे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात येतं, ते बाळगता येत नाही, आणि काका या बाबतीत पक्के आहेत. एरवी हे मासे ज्यात राहतात ते समुद्रफूलही नव्हतं. कुंडीच्या तुकड्यालाच या जोडीने घर मानलं होतं.

काका हौशी असले तरी काटेकोर. दोन्ही माशांचे फोटो मोबाइलवर मोठे करून त्यांनी पाठीवरच्या पंखाचे काटे मोजले होते. नराचे 11, मादीचे 10. नुसत्या काट्यांवर ठरवता येत नाही, कारण दहा काटे दोन्हीकडे सापडतात. पण मादीच्या पांढऱ्या पट्ट्यांना काळी किनार चांगली जाड होती आणि नराच्या पट्ट्यांना जेमतेम रेघ. नर ॲम्फिप्रिऑन ऑसेलॅरिस, मादी ॲम्फिप्रिऑन परक्युला. पुस्तकाप्रमाणे दोन वेगळ्या जाती, आणि समोर त्यांची अंडी.

(शब्दाबद्दल एवढंच. मराठी विश्वकोशात सर्वांत खालच्या पायरीला ‘जाती’ म्हणतात आणि तिच्या वरच्या पायरीला ‘प्रजाती’. वर्तमानपत्रं सरसकट ‘प्रजाती’ लिहितात आणि मुलांचा घोळ होतो. मी वर्गात ‘जाती’च म्हणते, इथेही तेच.)

त्याच आठवड्यात नौपाड्यातल्या माझ्या बारावीच्या बॅचमध्ये उत्क्रांतीचं प्रकरण सुरू होतं. बॅच 14 जणांची. अलगीकरणाचे, म्हणजे दोन गटांना आपसात प्रजनन करू न देणाऱ्या अडथळ्यांचे, प्रकार फळ्यावर लिहून झाले होते: भौगोलिक, ऋतूनुसार, वर्तनातलं, वगैरे. काकांच्या पुतण्याने हात वर केला.

“मॅडम, दोन जाती असतील तर अंडी कशी फळली? आणि अंडी फळत असतील तर मुळात दोन जाती झाल्याच कशा? समुद्र तर एकच आहे. मध्ये ना डोंगर, ना वाळवंट.”

हे प्रकरण त्या प्रश्नाचं आहे. मी पहिल्यांदा त्याला चुकीचं उत्तर दिलं आणि ते निस्तरायला सहा आठवडे लागले. जीवशास्त्र शिकवणाऱ्या इतरांना उपयोग होईल म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

पहिलं उत्तर आणि त्याने केलेलं नुकसान

मी म्हणाले, टाकीतलं खरं धरायचं नाही, बंद जागेत प्राणी काहीही करतात. आणि प्रवाळावर जाती एवढ्या का, तर तिथे खाण्याचे आणि राहण्याचे प्रकार एवढे आहेत की प्रत्येकाने आपापली जागा पकडली. कोणी शेवाळ खरवडतं, कोणी पोवळ्याचे जीव टिपतं, कोणी दुसऱ्यांच्या अंगावरचे परजीवी खातं. ऐकायला छान वाटलं. मुलांनी उतरवून घेतलं.

पुढच्या चाचणीत मी मुद्दाम विचारलं: प्रवाळभित्तीवर नव्या जाती कशा तयार होतात? 14 पैकी 9 पेपरांत थोड्याफार फरकाने एकच वाक्य होतं, ‘माशांनी कामं वाटून घेतली म्हणून जाती वेगळ्या झाल्या.’ एकीने ‘गरजेप्रमाणे’ असाही शब्द घातला होता.

रात्री ते पेपर तपासताना मला माझी चूक दिसली, आणि ती मुलांची नव्हती. मासे काही ठरवत नाहीत, वाटून घेत नाहीत, हा एक भाग. पण मोठी चूक वेगळीच होती. मी एका प्रश्नाला दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. चार भाऊ एका वाड्यात भांडणाशिवाय कसे नांदतात, हा एक प्रश्न. त्यांच्या चुली कधी आणि कशाने वेगळ्या झाल्या, हा दुसरा. खाण्यापिण्याची वाटणी सांगितली की पहिल्याचं उत्तर मिळतं. नवी जाती कशी झाली हा दुसरा प्रश्न आहे.

जातीच्या बाबतीत चूल म्हणजे प्रजनन. जोवर आपसात पिल्लं होत आहेत तोवर एका बाजूला उपजलेला फरक पुढच्या पिढीत दुसऱ्या बाजूला पोचतो आणि मिसळून जातो. ही देवाणघेवाण थांबली, किंवा फार रोडावली, की दोन्हीकडचे छोटे छोटे बदल साठत जातात. काही निवडीमुळे टिकतात, काही निव्वळ योगायोगाने. पुरेसा काळ गेला की पुन्हा गाठ पडली तरी जमत नाही.

म्हणून पुढच्या तासाला मी आधी कबूल केलं की माझं उत्तर चुकलं होतं. मग फळ्यावर एकच ओळ लिहिली आणि महिनाभर ती पुसू दिली नाही: चूल कुठे वेगळी झाली? कुठलंही उदाहरण घ्या, एवढंच विचारायचं.

चेंदणीच्या धक्क्यावरचा रविवार

बॅचमधला एक मुलगा चेंदणी कोळीवाड्यातला. तो वर्गात फारसा बोलत नसे. मी त्यालाच विचारलं, ओहोटीला धक्क्यावर नेशील का? त्याने क्षणभर बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाला, “रविवारी नवमी. म्हणजे भरती पावणेसातला. तुम्ही बारा-साडेबाराला या, पाणी पार उतरलेलं असेल.”

बाकीची मुलं बघत राहिली. त्याला आजोबांनी शिकवलेला हिशोब साधा आहे: तिथीला पाऊणने गुणायचं. नवमी म्हणजे नऊ पाऊण पावणेसात. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. आपल्या किनाऱ्यावर हा हिशोब थोड्याफार फरकाने बरोबर येतो, कारण भरती चंद्राच्या मागे रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा सरकते. हे मी इथे सांगून ठेवते, कारण पुढे याच हिशोबाने आमचं कोडं सोडवलं.

त्या दुपारी चिखलावर ऊन चकाकत होतं, निवट्या उड्या मारत होत्या, आणि धक्क्याच्या दगडांखालून, तिवरांच्या मुळांतून सारखा ‘टक्, टक्’ आवाज येत होता, कढईत लाह्या फुटाव्यात तसा. मुलांना वाटलं चिखलातले बुडबुडे. त्या कोळंब्या होत्या. बोटभर लांबीच्या, एक नांगी दुसरीपेक्षा कितीतरी मोठी. ती नांगी इतक्या जोरात मिटते की पाण्याची धार सुटते आणि तिच्यामागे एक पोकळ बुडबुडा तयार होतो. आवाज नांगी आपटल्याचा नाही, तो बुडबुडा कोसळल्याचा असतो, हे 2000 साली अतिवेगवान चित्रणाने दाखवून दिलं गेलं. त्या दणक्याने समोरची शिकार बधिर होते. प्रवाळभित्तीजवळ पाण्याखाली जी अखंड तडतड ऐकू येते, तिच्यात या कुळाचा वाटा सर्वांत मोठा.

मुलाच्या आजोबांनी दगड उचलून एक पकडून दिली. मुलांनी ती बाटलीत ठेवून पाहिली आणि परत सोडली. मग धक्क्याच्या पायरीवर बसूनच मी त्यांना पनामाची गोष्ट सांगितली.

उत्तर आणि दक्षिण अमेरिका पूर्वी जोडलेल्या नव्हत्या. मधून अटलांटिक आणि प्रशांत महासागराचं पाणी एकमेकांत जायचं. पनामाची जमीन हळूहळू वर आली आणि सुमारे 30 लाख वर्षांपूर्वी दार बंद झालं. एकाच जातीच्या टकटक करणाऱ्या कोळंब्या दोन समुद्रांत विभागल्या गेल्या. समुद्री जीवशास्त्रज्ञ नॅन्सी नोल्टन आणि सहकाऱ्यांनी दोन्ही बाजूंच्या अशा सात जोड्या घेतल्या. प्रत्येक जोडीत दिसायला जवळपास सारख्या, एक कॅरिबियनकडची आणि एक प्रशांतकडची. त्यांनी नर-मादी टाक्यांत एकत्र ठेवले. दोन समुद्रांच्या जोड्यांतून फलित अंडी मिळाली ती शंभरात एखाद्या वेळी. 1993 साली हे प्रसिद्ध झालं.

“म्हणजे इथे चूल पनामात वेगळी झाली,” एकीने पटकन सांगितलं.

बरोबर, पण या अभ्यासातली खरी मेख पुढे आहे. सातही जोड्या एकाच वेळी वेगळ्या झाल्या असतील असं वाटेल, तसं निघालं नाही. काही जोड्यांतला फरक इतका जास्त होता की जमीन पूर्ण जुळण्याच्या कितीतरी लाख वर्षं आधीच त्यांचा संबंध तुटला असला पाहिजे. सर्वांत उशिरा वेगळ्या झाल्या त्या कांदळवनात राहणाऱ्या. मी विचारलं, असं का असेल?

चेंदणीचा मुलगा खाडीकडे बघत म्हणाला, “खोल पाणी आधी अडलं असेल. शेवटी उरलं असेल ते असंच. उथळ, गढूळ, चिखलाचं. ज्याला खोल आणि नितळ पाणी लागतं त्याचा रस्ता आधी बंद. हिला चालतं, हिचा शेवटी.”

अभ्यासकांनी काढलेला अर्थ हाच आहे. वर्गात चार वेळा वाचून न समजलेली गोष्ट त्याला धक्क्यावर बसून समजली, कारण कोणत्या पाण्यात काय जगतं हे त्याला पायाखालून माहीत होतं.

“पण पिल्लं तर वाहून जातात ना?”

ही शंका कळव्याच्या मुलीची, आणि ती रास्त होती. प्रवाळावरच्या बहुतेक जिवांची पिल्लं सुरुवातीचे दिवस किंवा आठवडे मोकळ्या पाण्यात तरंगत असतात. प्रवाह त्यांना कुठेही नेईल. मग पनामासारखी जमीन मध्ये आल्याशिवाय ताटातूट होणारच कशी?

बरीच वर्षं संशोधकांचंही तेच गृहीत होतं. 1999 साली ऑस्ट्रेलियाच्या लिझर्ड बेटावर एक अचाट प्रयोग झाला. डॅमसेल कुळातल्या एका माशाची सुमारे 1 कोटी अंडी जागच्या जागी टेट्रासायक्लिनने चिन्हांकित केली गेली. हे औषध भ्रूणाच्या कानातल्या चुन्याच्या कणात बसतं आणि विशिष्ट प्रकाशात चमकतं. नंतर बेटाच्या आसपास स्थिरावलेली 5,000 पिल्लं तपासली तर 15 जणांच्या कानात खूण सापडली. पंधरा म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण बेटावरच्या एकूण अंड्यांतली फार थोडीच चिन्हांकित झाली होती, हे धरून हिशोब केला की 15 ते 60 टक्के पिल्लं आपल्याच बेटावर परत येत असावीत असं निघालं. वाहून जाऊ शकणं आणि वाहून जाणं यांत एवढं अंतर असतं.

क्लाऊनफिशची पिल्लं तर दहा-बारा दिवसांतच तळाशी येतात. त्यांना फार लांब जायला वेळच नसतो.

त्यानंतर मी जगाचा नकाशा टेबलावर पसरला आणि आमच्या दोन माशांचे प्रदेश पेन्सिलने रंगवायला सांगितले. ऑसेलॅरिस आपल्या अंदमानपासून इंडोनेशिया, फिलिपिन्स, जपानच्या दक्षिण बेटांपर्यंत आणि ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्याला. परक्युला पापुआ न्यू गिनी, सॉलोमन बेटं आणि ग्रेट बॅरियर रीफचा उत्तर भाग. रंग एकमेकांना जवळजवळ शिवत नाहीत. हा सगळा पट्टा म्हणजे प्रवाळ त्रिकोण आणि त्याचा शेजार. सहा देशांच्या पाण्यात जगातल्या प्रवाळाच्या तीन-चतुर्थांश जाती, सुमारे 600.

आता समुद्र खाली न्या, मी म्हणाले. गेल्या काही लाख वर्षांत हिमयुगं आली आणि गेली. बर्फात पाणी अडकलं की समुद्राची पातळी उतरायची. सुमारे 20,000 वर्षांपूर्वी ती आजच्यापेक्षा 120 मीटर खाली होती. मुलांनी उथळ भाग खडूने पांढरा केला. मलाया, सुमात्रा, जावा, बोर्निओ सगळं एक जमीन झालं. ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी जोडले गेले, कारण त्यांच्यामधली टॉरेस सामुद्रधुनी अगदीच उथळ आहे. हिंदी महासागराकडचं पाणी आणि प्रशांतकडचं पाणी यांच्यातल्या बऱ्याच उथळ वाटा एकेक करून बुजल्या. पुतण्याने टॉरेसवर बोट ठेवलं: एका अंगाला ऑसेलॅरिस, दुसऱ्या अंगाला परक्युला. त्याने काही विचारलं नाही. बोट मात्र बराच वेळ तिथेच होतं.

मुलांनी आपला किनाराही सोडला नाही. 120 मीटर पाणी उतरलं तर ठाण्याची खाडी म्हणजे नुसतं नदीचं खोरं, आणि किनारा पार पश्चिमेला सरकलेला. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभर किलोमीटरच्या पुढे आंग्रिया बँक नावाचा समुद्रात बुडालेला उंचवटा आहे, त्याचा माथा जेमतेम 20 मीटर खोल, वर प्रवाळ. तो तेव्हा पाण्याबाहेर असणार. म्हणजे तिथलं आजचं प्रवाळ पाणी परत चढल्यावर आलेलं, हे त्यांचं त्यांनीच काढलं. मला तो तास फार आवडला.

भिंत नाही असं पुतण्या म्हणाला होता. भिंत होती. ती येत-जात होती, लाखभर वर्षांच्या फेऱ्यांत. पाणी चढलं की माणसाच्या डोळ्याला सगळं एकच दिसतं, पण वेगळं होण्याचं काम तोवर झालेलं असतं. प्रवाळभित्तीवरच्या बहुसंख्य जाती अशाच भौगोलिक ताटातुटीतून सुरू झाल्या, हे मुलांनी पक्कं धरावं असं मला वाटतं.

तिथी आणि पोवळी

तरी एक गाठ उरलीच. एकाच खडकावर, हाताच्या अंतरावर, जवळच्या नात्यातल्या दोन-तीन जाती नांदतात. पाणी चढल्यावर त्या परत एकत्र आल्या असतील तर पुन्हा मिसळल्या का नाहीत?

इथे मी पोवळ्यांकडे वळले. पोवळं जागचं हलत नाही. बऱ्याच जाती वर्षातून मोजक्या रात्री अंडी आणि शुक्राणू यांच्या गुलाबी पुंजक्या पाण्यात सोडतात. त्या वर तरंगतात, फुटतात आणि फलन पृष्ठभागावर होतं. ग्रेट बॅरियर रीफवर डझनावारी जाती पौर्णिमेनंतरच्या त्याच काही रात्रींत हे करतात, हे 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला लक्षात आलं. एवढ्या जातींचं एकाच पाण्यात, एकाच वेळी. म्हणजे सगळा काला व्हायला हवा.

कॅरिबियनमध्ये एक मोठं, घुमटासारखं पोवळं आहे. अनेक वर्षं ती एकच जाती मानली गेली. 1990 च्या दशकात ती तीन असल्याचं मान्य झालं: ऑर्बिसेला ॲन्युलॅरिस, फॅव्हिओलाटा आणि फ्रँक्सी. तिन्ही एकाच भित्तीवर, एकाच मोसमात, पौर्णिमेनंतर साधारण सहाव्या ते आठव्या रात्री सोडतात.

“म्हणजे वद्य षष्ठी ते अष्टमी,” चेंदणीचा मुलगा लगेच म्हणाला. “भांगाचं पाणी. ओढ कमी. सोडलेलं लांब जाणार नाही.”

भांगाच्या दिवसांत पाणी कमी हलतं म्हणून पुंजक्या विरळ होत नाहीत, हे एक कारण अभ्यासकही सांगतात. मी त्याला फळ्यापाशी बोलावलं आणि पुढचं त्यालाच लिहायला लावलं. तिघांची रात्र एक, पण घटका वेगळी. फ्रँक्सी सूर्यास्तानंतर लवकर सोडते. बाकीच्या दोघी तिच्यानंतर सुमारे दीड-दोन तासांनी. तेवढ्या वेळात पहिलीचे शुक्राणू पांगतात आणि जुने होतात. प्रयोगशाळेत फ्रँक्सी आणि ॲन्युलॅरिसचं अंडं-शुक्राणू समोरासमोर आणलं तर फलन चांगलं होतं. समुद्रात दोन तासांची तफावत ते क्वचितच होऊ देते.

“दोन तास?” कळव्याची मुलगी म्हणाली. “फक्त दोन तासांनी दोन जाती टिकतात?”

मुलगा तिला म्हणाला, “दोन तासांत आमची होडी चिखलात बसते.”

मी याच्यावर काही बोलले नाही. दोन तासांची किंमत कळायला खाडीवर राहावं लागतं.

आणि तिसरी, फॅव्हिओलाटा? ती ॲन्युलॅरिसच्या वेळेच्या आसपासच सोडते. तिथे घड्याळ कामाला येत नाही. पण तिचं अंडं परक्या शुक्राणूला बहुतेक वेळा दादच देत नाही. एकाच भित्तीवर तीन बहिणी, एकीची चूल वेळेने वेगळी, दुसरीची अंड्याच्या ओळखीने. हे उदाहरण मी आता दरवर्षी शिकवणार आहे. अलगीकरणाचे पाठ केलेले प्रकार याच्यात जिवंत होऊन समोर येतात.

बाकीची उदाहरणं आम्ही भरभर घेतली. कॅरिबियनमधले हॅमलेट मासे रंगाने एकदम वेगळे, पण जनुकसंच जवळजवळ सारखा. 2019 च्या अभ्यासात फरक मोजक्याच जागी सापडले, आणि त्या जागा रंगाच्या नक्षीशी आणि डोळ्याच्या दृष्टीशी जोडलेल्या होत्या. संध्याकाळी जोड्या जुळतात त्या बहुतेक आपल्याच रंगाशी, म्हणून चूल रंगाने राखली जाते. पापुआ न्यू गिनीतले गोबिओडॉन हे इंच-दीड इंचाचे मासे ॲक्रोपोरा पोवळ्याच्या फांद्यांत घर करतात, तिथेच जोडीदार, तिथेच अंडी. एखाद्या गटाने दुसऱ्या जातीचं पोवळं धरलं की जोडीदारही तिथलेच मिळतात, आणि 2004 साली यातूनच नवी जाती फुटल्याचा पुरावा मांडला गेला. भौगोलिक अडथळ्याशिवाय जाती निपजल्याची समुद्रातली भक्कम उदाहरणं फार नाहीत, म्हणून हे महत्त्वाचं. आणि युनिसिया फ्लेक्सुओसा, कॅरिबियनमधलं फांद्यांचं मऊ प्रवाळ: उथळ पाण्यातलं खोल लावलं किंवा खोलातलं उथळ लावलं, तर दोन्ही परक्या जागी कमी टिकतात. प्रजननाच्या वयाला यायला दशकाहून जास्त काळ लागतो. तेवढ्या काळात चुकीच्या खोलीवर रुजलेलं बहुतेक सगळं मरून जातं, म्हणून मिसळायला कोणी उरतच नाही.

इथे माझं पहिलं उत्तरही आपल्या जागी बसलं. खाणं, राहणं, खोली यांचा जाती होण्याशी संबंध आहेच, पण तो प्रजननातून जाणारा संबंध आहे. घर बदलल्याने जोडीदार बदलले, तर जाती फुटेल. घर बदललं आणि जोडीदार तेच राहिले, तर फुटणार नाही. हे एक वाक्य मी पहिल्याच दिवशी बोलले असते तर नऊ पेपर वाया गेले नसते.

पुन्हा टाकीकडे

राहिला पुतण्याचा पहिला भाग: दोन जाती, तर अंडी फळली कशी?

‘टाकीतलं खरं धरायचं नाही’ हे मी मागे घेतलं. टाकीतलं खरंच आहे, फक्त ते काय सांगतं हे नीट बघायला हवं. ऑसेलॅरिस आणि परक्युला यांच्या अंड्या-शुक्राणूंमध्ये अजून तेवढा दुरावा आलेला नाही. बंदिस्त पैदाशीत त्यांचे संकर होतात, हे पाळणाऱ्यांना चांगलं ठाऊक आहे. समुद्रात त्यांना वेगळं ठेवलं ते प्रदेशाने. काकांनी दुकानातून दोन पिशव्या आणल्या आणि तो अडथळा रिक्षात बसवून कासारवडवलीला संपवला. पनामाच्या कोळंब्यांना मात्र एका टाकीत ठेवूनही जमलं नाही, कारण त्यांच्या ताटातुटीला फार काळ लोटला आहे. जाती होणं ही एका रात्रीत पडणारी रेघ नाही. टाकीने आम्हाला त्या वाटेवरचा एक मधला मुक्काम दाखवला.

कळव्याच्या मुलीने विचारलं, मग या दोघांना दोन जाती म्हणायचंच कशाला? मी तिला सांगितलं की यावर जीवशास्त्रज्ञांचंही एकमत नसतं. कोणी प्रजननावर भर देतं, कोणी वंशवृक्षावर, कोणी निसर्गात प्रत्यक्ष काय घडतं त्यावर. माझं मत तिसऱ्याकडे झुकतं. हजारो पिढ्या स्वतंत्र वाटेने गेल्या असतील आणि निसर्गात मिसळत नसतील, तर मी त्यांना दोन म्हणेन. तिला ते पूर्ण पटलं नाही. तिने पेपरात तसं लिहिलं आणि मी पूर्ण गुण दिले.

अंड्यांचं पुढे असं झालं. पाचव्या-सहाव्या दिवशी नारिंगी रंग ओसरला आणि प्रत्येक ठिपक्यात दोन रुपेरी डोळे दिसू लागले. आठव्या रात्री दिवे मालवल्यावर तासाभरात ती फुटली. काकांनी टॉर्च धरला तेव्हा पाण्यात दोन-तीन मिलिमीटरच्या काचेच्या काड्या वळवळत होत्या. त्यांना सुरुवातीला रोटिफर हे सूक्ष्म जीव लागतात, ते काकांकडे नव्हते. अंड्याच्या पिवळ्या बलकाचं पाणी घालून पाहिलं, उपयोग झाला नाही. तिसऱ्या दिवशी एकही उरलं नव्हतं. पुतण्या त्या दिवशी वर्गात गप्प होता. काकांनी नंतर परक्युला मादी दुसऱ्या टाकीत हलवली. मिश्र पिल्लं वाढवून पुढे विकायची नाहीत असं त्यांनी ठरवलं, आणि मला ते योग्य वाटतं.

फेरपरीक्षेत तोच प्रश्न मी वेगळ्या शब्दांत घातला. ‘वाटून घेतली’ हा शब्द दोन पेपरांत अजून होता. बाकी बारा जणांनी प्रत्येक उदाहरणात आधी चूल कुठे वेगळी झाली ते शोधलं होतं. एकाने पोवळ्याचं उत्तर लिहिताना समासात तिथी आणि घटका मांडून गणित केलं होतं. पेपर कोणाचा हे नाव न बघताच कळलं.

त्याच मुलाने परवा मला एक वही दाखवली. आजोबांबरोबर धक्क्यावर जातो तेव्हा लिहितो म्हणाला. शेवटच्या पानावर एवढंच होतं: ‘वद्य सप्तमी. भरती सव्वापाच. ओहोटीला चिखलातल्या मुळांत टकटक जास्त. धक्क्याच्या दगडांत कमी, पण आवाज जाड. दोन्ही एकच का? दोन्हीकडची एक एक पकडायची, नांगी बघायची. अंडी असलेली कधी मिळते ते लिहायचं.’